ॲपामाची ईपीएल शिकावी का? एका पीएलसीवालीचं मत

आधी निकाल सांगून टाकते. तुमच्या कामात 'अमुक झालं आणि त्यानंतर इतक्या वेळात तमुक झालं नाही, तर बोंब मारा' अशा जातीचे नियम असतील, तर ॲपामाची ईपीएल, म्हणजे वाहत येणाऱ्या घटनांवर नियम लिहायची संगणकाची भाषा, शिकण्यात घातलेला वेळ वाया जाणार नाही. नोकरी बदलायची म्हणून शिकणार असाल तर थांबा, तुमचा रस्ता वेगळा आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मी सांगलीची. शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं, हात बसलेला पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर. दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर, चिलिंग प्लांट, डीजी सेट (डिझेल जनरेटर) यांची ऑटोमेशनची कामं करते. सॉफ्टवेअरवाली म्हणून मला कोणी ओळखत नाही, आणि पायथन येतं ते काम भागण्यापुरतं. हे सांगायचं कारण असं की, या भाषेबद्दल जे थोडंफार वाचायला मिळतं त्यातली बहुतेक उदाहरणं शेअर बाजारातली असतात. शेअरचा भाव इतका वाढला, मग इतका पडला, मग ऑर्डर टाका. दुधाच्या टाकीशेजारी उभं राहून बघितलं तर या भाषेतल्या वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

आमचा प्रश्न काय होता ते सांगते. धार काढल्यावर दूध कोमट असतं. बल्क कूलरमध्ये ते 4 अंश सेल्सिअसवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथेच धरून ठेवायचं. मध्ये वीज गेली आणि डीजीने वेळेत उचललं नाही, कॉम्प्रेसर धडधडतोय पण गॅस कमी झालाय, दूध ढवळणारा ॲजिटेटर बंद पडल्यामुळे सेन्सरला फक्त तळाचं थंड दूध दिसतंय, यातलं काहीही झालं तरी कळतं ते सकाळी. दुधातल्या जंतूंचा अंदाज देणाऱ्या एमबीआरटी चाचणीच्या नळीतला निळा रंग लवकर उडून जातो आणि अख्खी टाकी नापास होते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे स्काडामध्ये, म्हणजे प्लांटवर नजर ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत, मर्यादा टाकायची: तापमान 6 च्या वर गेलं की मेसेज. हा नियम कागदावर उत्तम दिसतो. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ संकलन सुरू झालं की ताजं कोमट दूध टाकीत पडतं आणि तापमान चढतंच, ते चढायलाच हवं. म्हणजे प्रत्येक केंद्रावरून रोज दोनदा बिनकामाचा मेसेज. रात्रपाळीचे मामा पहिल्या आठवड्यात फोन उचलतात, दुसऱ्या आठवड्यात फोन सायलेंटवर जातो, आणि खरी भानगड होते त्या रात्री तो सायलेंटवरच असतो. मामांना दोष देण्यात अर्थ नाही. खरा नियम 'तापमान जास्त आहे' हा नाहीच. खरा नियम आहे 'संकलन संपून दोन तास झाले तरी दूध थंड झालं नाही'. यात क्रम आहे, वेळ आहे आणि एक न घडलेली गोष्ट आहे. तिन्ही गोष्टी साध्या मर्यादेत बसत नाहीत.

तर ईपीएल. ॲपामा ही मूळची इंग्लंडमधल्या केंब्रिजची कंपनी, 1999 सालची. शेअर बाजारात संगणकाकरवी व्यवहार करणाऱ्यांसाठी त्यांनी एक इंजिन बनवलं. ढीगभर घटना वाहत येतात, त्यातून ठरावीक नमुना दिसला की ताबडतोब कृती करायची. 2005 मध्ये प्रोग्रेस सॉफ्टवेअरने ती घेतली, 2013 मध्ये सॉफ्टवेअर एजीने. सॉफ्टवेअर एजीच्या क्युम्युलोसिटी या आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या) प्लॅटफॉर्मला ॲपामाचं इंजिन जोडलं गेलं आणि 2025 मध्ये क्युम्युलोसिटी वेगळी झाली तेव्हा ॲपामाही तिच्याबरोबर गेलं. भाषेचं आधीचं नाव मॉनिटरस्क्रिप्ट. जुन्या कागदपत्रांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका, भाषा तीच. एवढी घरं बदलूनही ती टिकली आहे, ही बाब मला तरी तिच्या बाजूची वाटते.

चालवणाऱ्या इंजिनाला कॉरिलेटर म्हणतात. त्यात तुम्ही मॉनिटर लिहून सोडता. मॉनिटरमध्ये लिसनर असतात: अशी अशी घटना आली तर हे कर. घटनेचा साचा आधी जाहीर करायचा, म्हणजे 'तापमान' या घटनेत केंद्राचा क्रमांक आहे आणि अंश आहेत, वगैरे. आता वर सांगितलेला नियम या भाषेत कसा दिसतो ते बघा. वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत मांडते:

ऑन ऑल संकलन_संपलं() ॲज स -> वेट(7200.0) अँड नॉट तापमान(केंद्र = स.केंद्र, अंश <= 4.5)

बस्स. एवढी एक ओळ आणि पुढे कंसात काय करायचं ते. कुठल्याही केंद्रावर संकलन संपलं की बाण ओलांडून पुढे जा, 7200 सेकंद थांब, आणि त्या दरम्यान त्याच केंद्राचं साडेचार किंवा त्याखालचं तापमान आलं नाही तरच कृती कर. मध्येच दूध थंड झालं तर तो लिसनर गुपचूप मरतो. टायमर रद्द करा, यादीतून केंद्र काढून टाका, असलं झाडलोटीचं काम आपल्याकडे नाही.

हेच पायथनमध्ये करून बघा. केंद्रांची डिक्शनरी ठेवा, प्रत्येकाचा टायमर ठेवा, थंड झालं की तो रद्द करा, नेमका त्याच क्षणी टायमर वाजला तर काय याचा विचार करा, दोन कामं एकमेकांत घुसू नयेत म्हणून लॉक लावा. जमतं, नाही असं नाही. पण तीन महिन्यांनी तो कोड उघडला की त्यात मूळ नियम कुठे आहे हेच सापडत नाही. ईपीएलची ओळ मी चिलिंग प्लांटच्या मॅनेजरना वाचून दाखवली, त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "आणि मॅडम, दोन तासांच्या आत परत संकलन सुरू झालं तर?" बरोबर विचारलं. त्यासाठी आणखी एक 'अँड नॉट संकलन_सुरू' जोडावं लागतं. नियम ज्याचा आहे त्याला तो वाचून त्यातली खोट काढता येते, ही या भाषेची माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई.

याच ओळीत आणखी एक खोट लपलेली आहे आणि ती शिकणाऱ्याने स्वतः शोधावी अशी आहे, तरी सांगते. सेन्सरची वायर तुटली तर? तापमानच येणार नाही. म्हणजे साडेचारच्या खालचंही येणार नाही. दोन तासांनी मेसेज जाणार 'दूध थंड झालं नाही', आणि दूध मात्र टाकीत झकास गार असणार. मेकॅनिक पंधरा किलोमीटर मोटरसायकल हाणत जाऊन शिव्या घालत परत येणार. म्हणून गप्प बसलेल्या सेन्सरचा नियम वेगळा हवा: तापमान आलं, बाण, पाच मिनिटं थांब, आणि त्याच केंद्राचं पुढचं तापमान आलं नाही. प्रत्येक नवं तापमान मागच्या लिसनरला मारतं आणि आपला स्वतःचा नवा जन्माला घालतं. शेवटचा जो उरतो तो पाच मिनिटांनी ओरडतो. पहिल्यांदा हे चालताना बघितलं की मजा वाटते.

पीएलसीवाल्यांना इथे एक आयता फायदा आहे आणि एक आयता खड्डा. फायदा असा की ऑन-डिले टायमर आपल्या रक्तात आहे. वीज नाही आणि डीजी पण नाही, ही अवस्था सलग 120 सेकंद टिकली तर आउटपुट द्या, हे लॅडरमध्ये (पीएलसीच्या आकृत्यांच्या भाषेत) आपण झोपेतही काढू. 'वेट आणि नॉट' हे त्याचंच भावंड. जावास्क्रिप्टवाल्या पोरांना ही कल्पना पचायला वेळ लागतो, आपल्याला लागत नाही.

खड्डा असा की पीएलसी अवस्था बघतो, ईपीएल घटना बघते. पीएलसी दर स्कॅनला, म्हणजे प्रत्येक फेरीला, इनपुट परत वाचतो. वीज नाही म्हणजे नाही, मग तो पीएलसी आत्ता चालू झाला असो की काल. कॉरिलेटरला मात्र 'वीज गेली' ही घटना कानावर पडावी लागते. वीज आधी गेली आणि कॉरिलेटर नंतर चालू झाला, तर त्याच्या दृष्टीने जगात वीज कधी गेलीच नाही. यावर उपाय आहेत. आमच्याकडे केंद्रांचा डेटा एमक्यूटीटी या मेसेज पोचवायच्या पद्धतीने येतो, त्यात शेवटचा मेसेज ब्रोकरकडे (मधल्या सर्व्हरकडे) राखून ठेवायची 'रिटेन' म्हणून सोय असते, ती लावली की नव्याने जोडणाऱ्याला शेवटची अवस्था लगेच मिळते. ॲपामाच्या बाजूनेही मॉनिटरला 'पर्सिस्टंट' म्हणून जाहीर करता येतं, मग त्याची अवस्था डिस्कवर राहते आणि कॉरिलेटर परत उठला की तिथून पुढे चालतो. पण हा फरक डोक्यात पक्का बसेपर्यंत कुठलाही नियम प्रत्यक्ष प्लांटवर लावू नका.

आता नवशिक्यांना नडणाऱ्या गोष्टी. पहिली: 'ऑन' आणि 'ऑन ऑल'. नुसतं 'ऑन' लिहिलं तर लिसनर एकदाच पेटतो आणि संपतो. चाचणीत एकच घटना सोडून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा काहीच वाजत नाही. दुसरी: पूर्णांक आणि दशांश आपोआप एकमेकांत बदलत नाहीत. 7200 लिहिलंत तर कोड तपासणारा कंपायलर नाक मुरडतो, 7200.0 लिहा म्हणतो. मला ही शिस्त आवडते, पायथनवरून येणाऱ्याला सुरुवातीला वैताग येईल. तिसरी: ज्या मॉनिटरकडे एकही जिवंत लिसनर उरला नाही तो आपोआप संपतो. काम नाही तर घरी जा, असा हिशोब. तर्काने बरोबर आहे, पण 'माझा मॉनिटर गेला कुठे' म्हणून लॉग चाळत बसायची वेळ येऊ शकते.

चौथी गोष्ट जास्त गंभीर आहे म्हणून जरा थांबून सांगते. मॉनिटरमध्ये एखादी चूक उफाळली, म्हणजे यादीत नसलेल्या जागेचा आकडा मागितला किंवा पूर्णांकाला शून्याने भागलं, आणि ती तुम्ही पकडली नाही, तर मॉनिटरची ती प्रत मरते. बाकीच्या चालू राहतात. साधारण रिवाज असा की प्रत्येक केंद्रासाठी 'स्पॉन' करून मॉनिटरची एकेक प्रत काढायची. प्रत काढताना मॉनिटरचे व्हेरिएबल तिच्याबरोबर जातात, लिसनर जात नाहीत. रचना सुरेख आहे, एका केंद्राचा घोळ दुसऱ्याला लागत नाही. पण त्यामुळेच असं होऊ शकतं की साठ केंद्रांपैकी एका केंद्राचा पहारेकरी मेला आहे, लॉगमध्ये त्याची एक ओळ पडली आहे आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार आहे. म्हणून चुका पकडणारं ट्राय-कॅच लावा, आणि मॉनिटर मरताना चालणारी 'ऑनडाय' नावाची कृती आहे, तिच्यातून निदान एक मेसेज बाहेर पाठवा. शिकवणाऱ्या साहित्यात हे पहिल्या धड्यात यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

घड्याळाची गंमत वेगळीच. कॉरिलेटरला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते नेहमीच्या मांडणीत सेकंदाला दहा टिकटिक करतं. म्हणजे मिलिसेकंदाचा हट्ट असेल तर मांडणी बदलावी लागेल. दुधाला सेकंदाचा दहावा भाग म्हणजे चैन झाली. पण खरी गंमत अशी की हे घड्याळ काढून तुमच्या हातात घेता येतं. घटनांची एक साधी मजकुराची फाइल करायची, मध्ये मध्ये 'आता इतके वाजले' अशा ओळी टाकायच्या, आणि कॉरिलेटरला सांगायचं की वेळ या फाइलवरून घे. मग दोन तासांचा 'वेट' डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

याचा उपयोग काय ते ज्याने रात्र रात्र प्लांटवर काढली आहे त्यालाच कळेल. पीएलसीचा टायमर तपासायचा तर आपण काय करतो? दोन तासांच्या जागी दहा सेकंद टाकतो, तपासतो, आणि परत दोन तास टाकायला विसरू नये म्हणून हातावर पेनने लिहून ठेवतो. इथे नियमाला हात लावावा लागत नाही. एका केंद्रावरच्या फसलेल्या रात्रीचा जुना डेटा होता: संध्याकाळचं संकलन, साडेआठला वीज गेली, डीजी चालू झाला पण काही मिनिटांत बंद पडला, मग पहाटेपर्यंत तापमान गोगलगायीसारखं वर वर. ती अख्खी रात्र फाइलमध्ये भरून कॉरिलेटरवर सोडली. कुठला नियम किती वाजता ओरडला असता ते चहा संपायच्या आत समोर आलं. 'डीजी दोन मिनिटांत आला नाही' हा नियम गप्प राहिला, कारण डीजी वेळेत आला होता. त्यातून नवा नियम सुचला: डीजी आला, पण त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत वीज न येताच बंद झाला. लॅडरमध्ये असा नियम सुचला असता का, सुचला असता कदाचित, पण तपासला नसता.

या चाचण्या रोजच्या रोज आपोआप चालवायच्या तर पायसिस नावाचं पायथनमधलं चाचणीचं अवजार सोबत येतं. ते शिकायला वेगळा वेळ द्या, पण टाळू नका.

वेळेवरून आणखी एक. 'ॲट' म्हणून एक सोय आहे, क्रॉनसारखी, रोज सकाळी 6 वाजता अहवाल काढा वगैरे. ती कॉरिलेटर ज्या यंत्रावर चालतो तिथला टाइमझोन मानते. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंद डब्यात, चालवत असाल तर तो कंटेनर बहुधा यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे) असतो, आणि सकाळी 6 चा अहवाल 11:30 ला हातात पडतो, टँकर निघून गेल्यावर. टाइमझोन आधी लावून घ्या.

प्रवाहांवरच्या क्वेरी हा भाषेचा दुसरा अर्धा भाग. 'गेल्या पाच मिनिटांतल्या तापमानाची सरासरी' असं मागायचं असेल तर डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेसारखी 'फ्रॉम… विदिन 300.0… सिलेक्ट मीन' अशी रचना आहे. केंद्रवार खिडक्या वेगळ्या ठेवता येतात, दर इतक्या सेकंदांनीच उत्तर दे असंही सांगता येतं. कॉम्प्रेसर चालू असताना तापमान उतरण्याचा वेग मोजायला हे कामी येतं: वेग मंदावत चालला की कंडेन्सर धुळीने भरलाय किंवा गॅस गळतोय. उसाच्या तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे कंडेन्सरवर काय काय येऊन बसतं ते विचारू नका. या भागावर जास्त लिहीत नाही. ज्याला एसक्यूएल येतं त्याला हे दोन बैठकांत जमेल.

वेगाबद्दल खूप बोललं जातं. लिसनरमध्ये ज्या अटी घालता, केंद्र अमुक, अंश अमुकच्या खाली, त्यांची इंजिन अनुक्रमणिका करून ठेवतं. त्यामुळे हजारो लिसनर असले तरी प्रत्येक घटना प्रत्येकाला विचारत फिरत नाही. ज्या रकान्यावर कधीच अट घालणार नाही त्याला साच्यात 'वाइल्डकार्ड' म्हणून जाहीर करायचं, तेवढीच बचत. एका कॉन्टेक्स्टमध्ये (इंजिनातल्या एका स्वतंत्र रांगेत) सगळं एकामागून एक चालतं म्हणून लॉकची कटकट नाही, आणि समांतर चालवायचं असेल तर कॉन्टेक्स्ट वाढवायचे. पण खरं सांगू का, दर दहा सेकंदांनी आकडा पाठवणाऱ्या काही डझन टाक्यांसाठी हे इंजिन म्हणजे ऊस वाहायला मालगाडी. आम्हाला वेग नको होता, नियम नीट लिहिता येणं हवं होतं.

शिकायचं कुठून? इथे गुण कापते. अधिकृत दस्तऐवज भक्कम आहेत, बारकाव्यांत कुठे हात आखडता घेतलेला नाही, पण ते संदर्भग्रंथ आहेत, शिकवणी नव्हे. पहिल्या पानापासून वाचायला बसाल तर चौथ्या पानावर झोप लागेल. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं एक्स्टेंशन आहे, ते आधी टाका. सोबत येणारी नमुन्याची उदाहरणं चालवून, मोडून, परत जोडून बघा. बाहेर प्रश्न विचारायला गर्दी नाही. गुगलवर नुसतं 'ईपीएल' टाकलंत तर फुटबॉलचे निकाल येतील. नीट शोधलंत तर एस्परची ईपीएल येईल, ती वेगळी भाषा आहे. चॅटबॉटही या दोन ईपीएलची खिचडी करून देतात: अर्धी ओळ ॲपामाची, अर्धी एस्परची, दिसायला फर्स्ट क्लास आणि कंपाइल होणार नाही. त्यांच्याकडून कोड घ्यायचा तर कंपायलरला दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मराठीत तर शून्य, तो माझा हा लेख लिहिण्यामागचा एक हेतू.

एस्परचं नाव निघालंच आहे तर. एस्पर हे जावाचं ग्रंथालय (तयार कोडचा संच) आहे, मुक्त स्रोत, जीपीएल परवान्याचं, आणि त्याची भाषा एसक्यूएलच्या जवळची. तुमचं सगळं जावामध्येच असेल तर तो सरळ मार्ग आहे. जावा माझा प्रांत नाही, म्हणून मी तिकडे फार रमले नाही.

घटनांचे प्रवाह हाताळणाऱ्या फ्लिंक या प्रणालीची गोष्ट मोठी. बर्लिनच्या विद्यापीठांतल्या संशोधनातून आलेला हा प्रकल्प 2014 च्या अखेरीस अपाची फाउंडेशनचा मुख्य दर्जाचा प्रकल्प झाला, आणि आज पुण्या-बंगळुरूच्या नोकरीच्या जाहिरातींत 'स्ट्रीम प्रोसेसिंग' लिहिलेलं असतं तिथे बहुधा काफ्का (घटना वाहून नेणारी प्रणाली) आणि फ्लिंक अपेक्षित असतात. ईपीएल मागणारी जाहिरात शोधावी लागते. फ्लिंकची एक गोष्ट मला मनापासून हवीहवीशी वाटते: घटना कधी पोचली यापेक्षा ती कधी घडली यावर चालायची सोय त्यात मुळातच विणलेली आहे. डोंगरातल्या केंद्रावर मोबाइलची रेंज गेली, गेटवेने अर्ध्या तासाचे आकडे साठवले आणि रेंज आल्यावर एकदम ओतले, तर फ्लिंक वॉटरमार्कच्या, म्हणजे 'इथवरच्या घटना आल्या' या खुणेच्या, हिशोबाने ते जागच्या जागी लावू शकतं. ॲपामाचे लिसनर घटना पोचेल त्या क्रमाने घेतात. उशिरा आलेल्यांचा हिशोब हाताने करावा लागतो, आणि तो करताना माझी चांगलीच दमछाक झाली. शिराळ्याच्या बाजूला काम करणाऱ्या कोणालाही रेंजचं दुःख सांगायला नको.

पण 'न घडलेली गोष्ट' फ्लिंकमध्ये पकडायची तर तेवढं सरळ नाही. त्यांच्या सीईपी या नमुने शोधणाऱ्या ग्रंथालयात 'त्यानंतर हे आलं नाही' हा तुकडा नमुन्याच्या शेवटी ठेवायलाच पूर्वी बंदी होती. आता वेळेची मर्यादा दिली तर चालतो. आणि त्याच्या आजूबाजूला जावाचा जो पसारा उभा करावा लागतो त्यात प्लांटच्या मॅनेजरना दाखवण्यासारखी एक ओळ उरत नाही. मी दोन्ही उघडून बघितली आहेत. कल्पना ईपीएलमध्ये लवकर कळतात, पगार फ्लिंकमध्ये मिळतो.

पैशांचं. कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. परवान्याची फाइल नसेल तर कॉरिलेटर मेमरी आणि कॉन्टेक्स्टच्या मर्यादेत चालतो. शिकायला आणि छोट्या प्रयोगाला ती मर्यादा कुठे टोचत नाही. धंद्यात वापरायचं तर परवान्याच्या अटी नीट वाचा आणि दर विचारून घ्या, हा डोंगल लावून चालणारा स्काडा नव्हे की दुकानातून उचलला. बंद स्रोताचं इंजिन आहे ही गोष्टही विसरू नका. गिऱ्हाईक सहकारी संस्था असेल तर संचालक मंडळासमोर 'हे उद्या बंद पडलं तर?' हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर असं आहे की नियम आम्ही मराठीत, साध्या वाक्यांत, वेगळ्या कागदावर लिहून ठेवले आहेत आणि घटनांच्या चाचणीच्या फाइली साध्या मजकुरात आहेत. इंजिन बदललं तरी ते दोन्ही आपल्याकडेच राहतात.

कोणी शिकावी मग? पीएलसी-स्काडावाले ज्यांना आता आयओटीची कामं येऊ लागली आहेत, त्यांनी नक्की. कोल्ड स्टोरेज, द्राक्षांचं प्री-कूलिंग, पाणीपुरवठ्याचे पंप, सोलरचे इन्व्हर्टर, जिथे जिथे 'अमुक झालं पण तमुक झालं नाही' ही भानगड आहे तिथल्या लोकांनी. क्युम्युलोसिटी वापरणाऱ्या कंपनीत असाल तर प्रश्नच नाही, तिथे ब्राउझरमध्येच ईपीएल लिहिता येते आणि कोड नको असेल तर ठोकळे जोडून काम करायचं ॲनॅलिटिक्स बिल्डरही आहे. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांनी ही पहिली भाषा म्हणून घेऊ नये. आधी पायथन आणि एसक्यूएल पक्कं करा, मग काफ्का, फ्लिंक. ईपीएल मग एखाद्या सुट्टीत.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढंच सुचवते: शेअरच्या भावांची तयार उदाहरणं पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. आपल्या कामातला एक खोटा अलार्म निवडा, जो सगळ्यांनी सायलेंट केलेला आहे. तो का वाजतो आणि खरा कधी वाजायला हवा, हे ऑपरेटरला विचारून एका वाक्यात लिहा. तेच वाक्य ईपीएलमध्ये उतरवा, जुन्या डेटाची फाइल करून घड्याळ पळवा, आणि मग सेन्सर गप्प बसला तर काय, वीज आधीच गेलेली असेल तर काय, हे दोन प्रश्न त्या नियमाला विचारा. आमच्याकडे सध्या ॲजिटेटरचा नियम अडलाय. मोटरचा करंट दिसतो, पण बेल्ट तुटला तरी मोटर फिरतेच. तिथे करंट किती खाली येतो ते कोणी मोजलं असेल तर कळवा.